वजन कुठे द्यायचं?

पावसाळा सरत आला की सह्याद्रीवर दोन प्रकारची माणसं फुलं बघायला जातात. काहींना फूल दिसलं की पुरतं. काहींना त्याचं नाव कळल्याशिवाय डबा उघडवत नाही. या दुसऱ्या जातीत आणखी एक पोटजात आहे, तिचं नावानेही भागत नाही. 'कारवी' असं सांगितलं की ती वही सरसावते आणि विचारते, "ते झालं हो. बोटॅनिकल नेम?"

मी या पोटजातीतला. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेत उभ्या छेदाची आकृती काढण्यापुरताच आला. त्यातही पेशींपेक्षा खाडाखोड जास्त असायची. पण लांबलचक नावांचं वेड मात्र जुनं. सार्वजनिक बागेत झाडांवर ठोकलेल्या पत्र्याच्या पाट्या मी झाडांपेक्षा जास्त वेळ वाचतो. वर मराठी नाव, खाली तिरप्या अक्षरांत लॅटिन नाव, आणि कोपऱ्यात गंज. गंजाने शेवटची दोन अक्षरं खाल्लेली असली की दिवसभर चुटपुट लागून राहते.

कारवीचं ते दुसरं नाव आपण देवनागरीत लिहितो 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा'. लिहितो असं म्हणालो, कारण लिहिण्यात फारसं भांडण नाही. भांडण सुरू होतं ते तोंड उघडल्यावर. घाटमाथ्यावरच्या एखाद्या निसर्गभ्रमंतीत बघा. वाट दाखवणारा तरुण म्हणतो, "हे स्ट्रोबिलँथस." टोपी घातलेले एक काका घसा साफ करून हळूच म्हणतात, "स्ट्रोबिलॅन्थीज." निवृत्त प्राध्यापिका असलेल्या काकू दोघांकडेही न बघता पुटपुटतात, "आमच्या वेळी स्ट्रोबायलँथिस होतं." तेवढ्यात गुरांमागून आलेले गावातले मामा थांबतात, कशावरून चाललंय ते ऐकतात आणि म्हणतात, "कारवी हाय ती. कूड घालाया लई बेस." आणि निघून जातात. त्यांनी त्या काठ्यांच्या भिंती उभ्या केल्या आहेत, शेणमातीने लिंपल्या आहेत. त्यांचं या वादात काहीच अडलेलं नाही.

आमच्यासारख्या मराठी माध्यमातल्या माणसांचं मात्र अडतं. आम्ही अशा नावांसाठी एक खास युक्ती काढली आहे. पहिली दोन अक्षरं खणखणीत म्हणायची, 'स्ट्रोबि', आणि पुढचं खोकल्यात मिसळून द्यायचं. ऐकणारा समजून घेतो. बहुतेक वेळा त्यालाही तिथेच खोकला येणार असतो. आपला उच्चार चुकत असणार, बरोबर उच्चार दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पेटीत ठेवलेला असणार, अशी एक धास्ती मनात असते. ते घर बहुधा इंग्रजांचं असावं, असंही आपण न विचारता धरून चालतो.

पण हा शब्द इंग्रजी नाहीच. १८२६ साली कार्ल लुडविग ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो घडवला. तो काम करत होता जावा बेटावर, म्हणजे तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमध्ये. झाडं जावाची, शास्त्रज्ञ जर्मनीत जन्मलेला, नोकरी डचांची, नाव ग्रीक तुकड्यांचं आणि ते बसवलेलं लॅटिनच्या चौकटीत. या गर्दीत इंग्रजाला उभं राहायलाही जागा नाही.

तुकडे दोन. पहिला 'स्ट्रोबिलोस'. ग्रीकमध्ये हे गरगर फिरणाऱ्या किंवा पिळदार गोष्टीचं नाव: भोवरा, वावटळ, एक गिरक्यांचा नाच, आणि खवल्यांवर खवले चढत गेलेला पाईनचा शंकू. गणपतीच्या मिरवणुकीत डोळ्यांपुढे लुकलुकून आपल्याला भोवळ आणणारा 'स्ट्रोब' दिवा याच घराण्यातला; त्याच्या नावामागेही गरगरणंच आहे. दुसरा तुकडा 'आन्थोस', म्हणजे फूल. कारवीचा फुलोरा उमलायच्या आधी बघितला तर हिरव्या छदांचे खवले एकमेकांवर चढून बसलेले दिसतात. ब्लूमला जावातल्या अशाच फुलोऱ्यांत पाईनचा शंकू दिसला. जावातल्या दमट हवेत बसून युरोपातला पाईन आठवणं, याला वनस्पतिशास्त्र म्हणावं की घराची ओढ, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता शाळेतल्या व्याकरणाची वही काढली तर हा समास ओळखायला दोन मिनिटंही लागत नाहीत. शंकूसारखं फूल, असा इथे अर्थ नाही. शंकूसारखा फुलोरा आहे जिचा, ती. पीतांबर, लंबोदर, नीलकंठ यांच्या पंगतीतला सरळसोट बहुव्रीही. फिलोडेंड्रॉन हा निराळा: झाडावर प्रेम करणारा, म्हणून झाडाला मिठी मारून वर चढणारा. ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे गुलाबाचं झाड. गंमत अशी, की जुन्या ग्रीकांनी हे नाव दिलं होतं कण्हेरीला! पुढे लिनिअसने १७५३ साली ते हिमालयात ज्याला बुरांश म्हणतात त्याच्या कुळाला देऊन टाकलं. आपल्या महामार्गांच्या दुभाजकांवर धूर खात उभी असलेली कण्हेर एके काळी ऱ्होडोडेंड्रॉन होती, हे तिला कुणी सांगू नये. उगाच जीव लावून बसायची.

या 'डेंड्रॉन'चं आपल्याशी दूरचं नातंही लागतं. संस्कृतातले 'द्रु', 'द्रुम' आणि 'दारु' हे त्याचे भाऊबंद; देवदारातला दारु तो हाच. इथे 'रु' ऱ्हस्व आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी. दीर्घ केला की अर्थ बदलतो आणि माणसं झाडाऐवजी भिंतीला मिठी मारतात.

तुकडे पाडण्यात एक सुख असतं, आणि ते सर्वात जास्त मिळतं पानफुटीपाशी. हिच्या पानाच्या कडेला रोपं फुटतात, हे आपण सगळ्यांनी शाळेत शाकीय पुनरुत्पादनाच्या धड्यात पाठ केलेलं असतं. तिला ब्रायोफिलम हे नाव मिळालं १८०५ साली. 'ब्रुएइन' म्हणजे अंकुरणं, फुटणं. 'फुल्लोन' म्हणजे पान. कोकणातल्या किंवा देशावरच्या कुणा आजीने आणि लंडनच्या कुणा विद्वानाने एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली आणि एकच नाव ठेवलं. फरक इतकाच, की आजीला त्यासाठी ग्रीक शिकावं लागलं नाही. आता पुष्कळ वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कलांचो या कुळात घालतात. आजीचं नाव मात्र जागेवर आहे.

तुकडे कळले, तरी मूळ प्रश्न राहतोच. म्हणायचं कसं? चार अक्षरं आहेत: स्ट्रो, बि, लान्, थेस. यातल्या कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा?

आपल्याला हा प्रश्नच विचित्र वाटतो, कारण मराठी बोलताना आपण एखाद्या अक्षरावर असा खास जोर देत नाही. निदान त्याने अर्थ बदलत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. एका अक्षराला उचलून धरायचं आणि बाकीच्यांचे स्वर चेपून पार 'अ' करून टाकायचे, ही तिथली रीत. म्हणून इंग्रजी तोंडातून आलेल्या स्ट्रोबिलँथसमधला 'बि' आपल्याला ऐकूच येत नाही. आपण मात्र चारही अक्षरं नीट म्हणतो आणि वर संकोचतो.

वनस्पतींची नावं कुठल्याही भाषेतून आली तरी ती लॅटिन मानायची, असा नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा दंडक आहे. तेव्हा या शब्दाचं माहेर ग्रीक असलं तरी चालीरीती सासरच्या, लॅटिनच्या. माहेरी 'स्ट्रोबिलोस'चा आघात पहिल्याच अक्षरावर होता. सासरी त्याची चौकशी कुणी केली नाही. सासरचा नियम असा: शेवटच्या अक्षरावर जोर कधीच नाही. शेवटून दुसरं अक्षर बघायचं. ते गुरू असेल तर जोर त्याच्यावर. लघू असेल तर आणखी एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर.

आणि गुरू म्हणजे काय? स्वर दीर्घ असेल तर गुरू. स्वर ऱ्हस्व, पण पुढे जोडाक्षर असेल, तरी गुरू. इथे मराठी वाचकाने उठून उभं राहायला हरकत नाही. हा तर आपला वृत्तांचा धडा! यमाताराजभानसलगा घोकताना, भुजंगप्रयात की वसंततिलका हे ठरवण्यासाठी पेन्सिलीने ओळीवर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढताना आपण दुसरं काय करत होतो? परीक्षेत दोन-तीन गुणांसाठी केलेली ती उठाठेव पुढे कुठे उपयोगी पडेल असं ना आपल्याला वाटलं होतं, ना गुरुजींना. ती उपयोगी पडते रोमन लोकांच्या आघातासाठी. जोडाक्षराआधीचं अक्षर नेहमी गुरू होत नाही, 'उद्या' आणि 'तुझ्या' यांना सूट आहे, हेही आपण शिकलो. लॅटिनवाल्यांचीही तशीच एक सूट आहे: काही व्यंजनांपाठोपाठ 'र' किंवा 'ल' आला तर आधीचं अक्षर लघूच राहू शकतं. नियमाला पळवाट ठेवण्यात रोमन आणि मराठी माणूस सारखेच.

आता पेन्सिल घ्या. स्ट्रो-बि-लान्-थेस. शेवटून दुसरं अक्षर लान्. मूळ स्वर ऱ्हस्व, पण पुढे 'न्थ' हे जोडाक्षर. म्हणजे गुरू, आणि जोर लान् वर. हाच हिशेब प्राजक्ताच्या निक्टान्थेसला, आवळ्याच्या फिलान्थसला आणि सूर्यफुलाच्या हेलिआन्थसला. निलगिरीच्या यूकलिप्टसमध्ये जोर 'लिप्' वर. ब्रायोफिलममध्ये मूळचा 'ल' जोड आहे, 'फिल्लम', म्हणून जोर 'फिल्' वर. देवनागरीत लिहिताना आपण त्यातला एक 'ल' खातो आणि अक्षराचं गुरुत्व घालवतो. नर्सरीत ज्याला 'ॲग्लोनिमा' म्हणतात ते मुळात 'आग्लाओनेमा', चकचकीत धागा. त्यातला 'ने' दीर्घ, म्हणून जोर तिथे.

एक खळगा मात्र आहे आणि त्यात आपण हमखास पडतो. आपल्या लेखी ए आणि ओ कायम गुरू. ग्रीकांकडे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन मापांत मिळत, आणि त्यांच्यासाठी अक्षरंही वेगळी. शेवंतीच्या ख्रिसान्थेममचं बघा. शेवटून दुसरं अक्षर 'थे'. आपल्या वहीत ते गुरू, म्हणून आपण जोर देणार त्याच्यावर. पण मूळ ग्रीकमधला तो ए ऱ्हस्व आहे. म्हणून मागे सरकायचं आणि 'सान्' वर थांबायचं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ वेगळे असतात, तेव्हा बेळगावकडच्या मराठी माणसाला हा खळगा आधीच दिसेल. बाकीच्यांनी शेवंतीजवळ जपून चालावं.

नियम माहीत असला म्हणजे तंटा मिटतो, असं मात्र समजू नका. मोरवेलीची गोष्ट ऐका. पावसाळ्यानंतर झुडपांवर पांढरी फुलं पसरून बसणारी ही वेल, कूळ क्लेमटिस. ग्रीक 'क्लेमा' म्हणजे वेलाची डहाळी. तीनच अक्षरं: क्ले-म-टिस. मधलं 'म' ऱ्हस्व, पुढे जोडाक्षर नाही, म्हणजे लघू. म्हणून नियमाप्रमाणे जोर 'क्ले' वर. पण इंग्रजी बोलणारे कितीतरी बागप्रेमी मधल्या अक्षरावरच जोर देतात. आणि प्राचीन ग्रीकमध्ये आघात होता शेवटच्या 'टिस' वर! अक्षरं तीन आणि प्रत्येकाला एकेक पाठीराखा. अशी समसमान वाटणी आपल्याकडे भाऊबंदकीच्या दाव्यातसुद्धा होत नाही.

हे कळल्यावर माझ्या खोकल्याला पहिला उतार पडला. ज्यांच्या पेटीत बरोबर उच्चार ठेवलेला असेल असं मला वाटत होतं, त्यांच्याच घरात वाद चालू होता.

दुसरा उतार पडला 'थ' मुळे. आपण 'आन्थोस' मधला थ म्हणतो तो 'थाळी' तला, हवेचा झोत सोडणारा, खरा महाप्राण. इंग्रजी शिकवणारे बाई-सर आपल्याला बजावत आले, की जीभ दातांत धरून हवा घासत सोडा. पण अभिजात काळातल्या अथेन्समध्ये त्या अक्षराचा उच्चार आपल्या थ सारखाच होता. तसाच फ, तसाच ख. हवा घासत सोडायची रीत नंतरची. रोमन लोकांना हे महाप्राण आपल्या लिपीत कसे बसवावेत कळेना, म्हणून त्यांनी त, प आणि क च्या अक्षरांपुढे ह चं अक्षर जोडून वेळ मारून नेली. आपल्याला अशी वेळ मारून न्यावी लागत नाही. वर्णमालेत तिघांनाही स्वतंत्र जागा आहे. म्हणजे ज्या थ बद्दल मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीच्या तासाला हसलं जातं, तो थ घेऊन ती थेट सॉक्रेटिसशी बोलू शकली असती. सॉक्रेटिसने उलट प्रश्न विचारले असते ते वेगळं.

उलट, 'लँ' वर आपण जो अर्धचंद्र चढवतो तो ग्रीकांचा नव्हे, इंग्रजांचा. त्या स्वराचा मूळ उच्चार आपल्या 'आ' चा ऱ्हस्व भाऊ. 'स्ट्रोबिलान्थेस' असं सरळ लिहावं, की शब्द जवळचा वाटू लागतो. आणि टेरिडोफायटा! नेचे वर्गातल्या वनस्पतींचं हे नाव लिहिताना सुरुवातीला प चं अक्षर असतं आणि ते 'सायलेंट' असतं, हे आपल्याला दटावून शिकवलेलं. ग्रीकांना ते मुळीच सायलेंट नव्हतं. ते 'प्तेरिस' म्हणत, कारण नेच्याचं पान पिसासारखं आणि पिसाला शब्द 'प्तेरोन'. संस्कृतातलं 'पत्र', म्हणजे पंख आणि पान, हे त्याचंच नातलग. आपल्या तोंडाला 'प्त' कधी जड गेलं? सप्त, गुप्त, प्राजक्तातला 'क्त', सगळं सुखाने चालतं. तोंडाची सगळी तयारी असताना आपण इंग्रजांच्या संगतीने मुके झालो.

उच्चाराच्या चुकीला कधीकाळी फार मोठी किंमत होती, हेही खरं. वैदिक परंपरेत इंद्रशत्रूची गोष्ट आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. त्याने यज्ञात 'इंद्रशत्रू' असा शब्द उच्चारला, पण उदात्त भलत्याच अक्षरावर पडला. 'इंद्राला मारणारा' या तत्पुरुषाचा झाला बहुव्रीही, 'इंद्र ज्याला मारील तो'. पुत्र जन्मला, वृत्र, आणि इंद्राच्या हातून मेला. एका स्वराने देवासुरांच्या युद्धाचा निकाल फिरवला. ग्रीकांचा आघातही मुळात आपल्या वैदिक स्वरांसारखा, उंच-खाली सुरांचा. आणि त्यांच्याकडेही हाच पेच होता. 'मेत्रोक्तोनोस' या शब्दात आघात 'क्तो' वर पडला तर आईला मारणारा. तोच 'त्रो' वर पडला तर आईकडून मारला गेलेला. खुनी आणि खून झालेला यांच्यात एका अक्षराचं अंतर. अशा लोकांसमोर साक्ष द्यायची वेळ आली नाही, हे आपलं नशीब.

त्या मानाने वनस्पतींच्या नावांचं राज्य फारच उदार आहे. नामकरणाची संहिता लिहिण्याच्या बाबतीत कर्मठ: कुठलं नाव आधी छापलं, कुठला प्रत्यय कुठल्या लिंगाचा, सगळ्याला कलमं आणि पोटकलमं. ती नावं धरते १७५३ पासून, लिनिअसच्या ग्रंथापासून. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं, ही अट तिने २०१२ च्या सुरुवातीपर्यंत सोडली नव्हती. पण उच्चाराबद्दल तिचा नियम नाही. फार तर दोन स्वर वेगळे म्हणायचे असतील तर दुसऱ्याच्या डोक्यावर दोन टिंबं द्यायला परवानगी. पांचगणीच्या पठारावर सापडणाऱ्या आयसोईटिसला ती टिंबं शोभतात. वनस्पतिशास्त्रीय लॅटिनवर १९६६ साली भला थोरला ग्रंथ लिहिणारे विल्यम स्टर्न यांनीही ही मुळात लिहिण्याची भाषा मानली. नाव कानाला बरं लागावं आणि समोरच्याला कळावं, मग ते कसं म्हटलं याला फारसं महत्त्व नाही, असा त्यांचा निर्वाळा. आयुष्यभर ज्यांनी या नावांचा अभ्यास केला ते एवढे निवांत आणि घाटातल्या वाटेवर आम्ही एकमेकांचे थस-थीज तपासत उभे!

लिंगाच्या बाबतीत मात्र संहितेलाही घाम फुटतो. ग्रीकमध्ये 'आन्थोस' नपुंसकलिंगी, म्हणजे आपल्यासारखंच: ते फूल. पण समासात गेल्यावर त्याचं काय होतं? कारवीला काही पुस्तकांत 'कॅलोसस' म्हटलेलं दिसेल, काहींत 'कॅलोसा'. तिकडे केरळातल्या नीलकुरिंजीचीही तीच कथा: 'कुंथियानस' आणि 'कुंथियाना' दोन्ही छापलेलं सापडतं. तो स्ट्रोबिलँथस की ती स्ट्रोबिलँथस, या प्रश्नावर माणसांनी शाई खर्च केली आहे. आपण 'ती कारवी' म्हणून मोकळे झालो, आणि हल्ली रूढ असलेलं 'कॅलोसा' आपल्याच बाजूचं आहे. कॅलोसा म्हणजे घट्टे पडलेली, खरबरीत. कुडाच्या भिंती, कुंपण, सरपण असं सगळं करणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे पडणारच.

आणि एकदा तर आमची कारवी स्वतःच लॅटिन झाली होती! १९४४ साली ब्रेमेकाम्प या डच शास्त्रज्ञाने स्ट्रोबिलँथसच्या अवाढव्य कुळाचे पुष्कळ तुकडे केले. त्यातल्या एका तुकड्यात आपली कारवी होती. त्याला नाव दिलं 'कार्विया'. ग्रीक नाही, लॅटिन नाही, मामांच्या तोंडचाच शब्द, फक्त शेवटी एक 'आ' जोडून. नियम लावा: कार्-वि-आ. शेवटून दुसरं 'वि', लगेच पुढे स्वर, म्हणून लघू; जोर 'कार्' वर. मामा 'कारवी' म्हणतात तेव्हा त्यांचं 'का' भरदार निघतं. कुठल्याही रोमन व्याकरणकाराने त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. पुढे शास्त्रज्ञांनी हे तुकडे पुन्हा एकत्र केले आणि कार्विया मागे पडलं. आता ते पर्यायी नावांच्या यादीत, बारीक टायपात असतं. पण छापलं गेलेलं आहे, आणि या राज्यात छापलेलं पुसता येत नाही.

तर आता माझा पवित्रा ठरला आहे. नाव विचारलं की चारही अक्षरं म्हणायची, तिसऱ्यावर जरा थांबायचं, थ आपला, 'थाळी' तला. खोकला बंद. कुणी दुरुस्त केलं तर हसून त्याचं ऐकायचं, कारण त्याचंही चूक नसतं. आणि तो फारच आग्रही निघाला तर त्याला ख्रिसान्थेममचा ए ऱ्हस्व की दीर्घ एवढंच विचारायचं. सरावाला मुदतही भरपूर आहे. कारवी काही दर वर्षी हजेरी घेत नाही. ती आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. हिशेबाने आता २०३२. चार अक्षरं आणि आठ वर्षं. एका अक्षराला दोन वर्षं मिळत असतील तर मराठी माध्यमाला याहून जास्त सवलत मागणं बरं दिसणार नाही.